सात सुरकुत्या

प्रयोगशाळेत निष्कर्ष थोडे निघतात, किस्सेच जास्त साचतात. भंडाऱ्याच्या आमच्या कॉलेजात मी तीस वर्षं एकच काम केलं. काचेच्या पन्हळीत पाणी सोडायचं, त्यात पातळ रबराचा पडदा धरायचा आणि त्यावर पडणाऱ्या सुरकुत्या मोजायच्या. पाणी हळू असो की जोरात, सुरकुत्या सातच. लोक याला माझा नियम म्हणत. तो बरोबर आहे, याची खात्री मला कधीच नव्हती.

*

एकदा तपासणीला साहेब आले. त्यांनी आमचे लॅब अटेंडंट नामदेवभाऊ यांना विचारलं, "इथे काय चालतं?"

"सर सुरकुत्या मोजून राहिले, जी."

"आणि तुम्ही?"

"मी सरले पाहून राहिलो."

*

चहावरच्या सायीवर फुंकर घातली की सायही चुरगळते. एकदा मी तिच्या सुरकुत्या मोजत बसलो. नामदेवभाऊंनी कप उचलून नेला.

"थंडा झाला. दुसरा आणतो. पण तो मोजू नका, सर, प्या."

*

कोंढ्याची वैशाली माझी शेवटची विद्यार्थिनी. तिच्या पडद्यावर पाण्याच्या वेगाबरोबर सुरकुत्याही वाढत: नऊ, बारा, पंधरा. मी म्हणालो, "पुन्हा कर." तिनं चारदा केलं. आकडे तेच. तिच्या नोकरीची मुलाखत तोंडावर आली होती आणि प्रबंध माझ्या सहीसाठी अडला होता.

"सर, माझं काय चुकलं ते सांगा. मी सुधारते."

मला सांगता येईना. सहीही करवेना. तिचं बरोबर असेल, तर मी तीस वर्षं काय मोजलं?

*

आपल्या निवृत्तीच्या दिवशी नामदेवभाऊ कपाटाच्या किल्ल्या द्यायला आले. वैशालीचा पडदा नळीवर गुंडाळलेला पाहून त्यांना राहवलं नाही.

"काहून वो बाई, असा ठेवते का पडदा? सरचा पडदा मी सदा घडी करून ठेवला."

"कशी घडी, काका?"

त्यांनी खिशातला रुमाल टेबलावर पसरला. अर्धा दुमडला. त्याच बाजूनं पुन्हा अर्धा. पुन्हा एकदा अर्धा. वरून तळहात दाबून फिरवला आणि रुमाल उलगडला.

वैशाली बोटानं रेघा मोजू लागली. सातव्या रेघेवर तिचं बोट थांबलं. ती माझ्याकडे बघेना.

"सरले नीटनेटकं लागते न," नामदेवभाऊ म्हणाले.

मी रेघा पुन्हा मोजल्या. मग वैशालीकडे पेन मागितलं.