सुधाकरच्या टोपीचा पडदा

आठ वर्षं ज्याच्याबरोबर एकाच बाटलीतलं पाणी प्यालात, त्या मित्रानं आपलं सगळ्यात मोठं दुःख तुमच्यापासून लपवलं होतं, हे तो गेल्यावर कळलं तर तुम्ही काय कराल? मी चिडलो. दीड महिना झाला, अजून चिडलेलोच आहे.

सुधाकर काविळीनं गेला. सातपूरच्या कारखान्यात तो लेथवर होता, आणि रविवारी माझ्याबरोबर डोंगरावर. निरोप आला तेव्हा मी एका सभेची पत्रकं काढत होतो. शाईच्या हातांनीच सायकल काढली. पुढे काही दिवसांनी त्याची धाकटी बहीण मंदा म्हणाली, "दादाच्या मानेवर कोड होतं. तुम्हाला माहीत नव्हतं ना?"

नव्हतं...

आणीबाणी उठली त्या उन्हाळ्यात तो एका रविवारी अंजनेरीच्या पायथ्याशी आला तो टोपीला मागून पडदा लावूनच. खाकी कॅनव्हासची साधी टोपी. तिला एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत पांढऱ्या मांजरपाटाचा वीतभर पट्टा, आईच्या मशीनवर स्वतः शिवलेला. मान वळवताना कापड ओढलं जाऊ नये म्हणून मध्ये दोन चुण्या, आणि धुवायला काढता यावा म्हणून टिचबटणं. "नवरदेवानं मुंडावळ्या मागच्या बाजूला बांधल्यात वाटतं," मी म्हणालो. "पुढारी, तुमची मान भाजली की माझ्याकडे येऊ नका," तो म्हणाला. मला तो पुढारीच म्हणायचा. माझी मान भाजली. पुढच्या रविवारी त्यानं मलाही पडदा शिवून आणला, मग आमच्या सगळ्या गटाला. आता कळतं, सगळ्यांच्याच माना झाकल्या की एकाची उठून दिसत नाही. शहरात मान झाकायला लांब केस आणि कॉलर होती. डोंगरावरच्या वाऱ्यात केस उडायचे. इगतपुरीला धुक्यात, ऊन नावालाही नसताना, त्यानं तो पडदा काढला नाही आणि आम्ही हसलो.

जात, हुंडा, अंधश्रद्धा, सगळ्यांवर पत्रकं लिहिणारा मी. माझ्यापासून लपवायचं? मी मंदाशी भांडलोच. तिनं ऐकून घेतलं.

"तुमच्या भावाचं लग्न जमत होतं, तेव्हा एकदा दादा तुमच्याकडे बसला होता. आठवतंय?"

आठवलं. मध्यस्थ आले होते, पोहे चालले होते. आईनं मुलीच्या घराबद्दल विचारलं, "घरात कुणाला कोडबिड नाही ना?" मध्यस्थ म्हणाले, "छे, नितळ घराणं." सुधाकर माझ्या शेजारी होता. मी आईला एका शब्दानं बोललो नाही. वर पोह्यांवर खोबरं मागून घेतलं.

"त्या दिवशी तो तुम्हाला सांगायलाच आला होता," मंदा म्हणाली. "घरी आला तो थेट मशीनवर बसला, टोपीचा पडदा शिवायला. आईला म्हणाला, पुढारी बाहेर बोलतो, घरात नाही बोलत. मंदाचं लग्न होईपर्यंत हे कुणाला कळायला नको."

राग गेलेला नाही. त्यानं त्याच वेळी मला चार शिव्या द्यायला हव्या होत्या. त्याऐवजी माझी मान उन्हात भाजू नये म्हणून कापड बेतत बसला. दगा त्यानं दिला, असं मी दीड महिना म्हणत होतो. त्याच्या आधीचा दगा माझा होता, आणि तो त्यानं शेजारी बसून पाहिला होता.

हा लेख मंदाला वाचून दाखवला. कोडाचा उल्लेख गाळू का, विचारलं.

"पुढच्या महिन्यात मला बघायला येतायत," ती म्हणाली. "त्यांनी वाचूनच यावं. नाही आले तर पोहे वाचतील."

वाचकहो, तुमच्या घरातही स्थळं बघणं चालू असेल. ही एक चौकशी तुम्ही करू नका. आणि तुमच्या आईनं, काकांनी, कुणीही केलीच, तर त्यांना तिथल्या तिथे थांबवा. पाहुणे गेल्यावर नको. ते समोर बसलेले असतानाच.