भिंतीवरचा नकाशा

मित्रांनो, आज डोकं इतकं तापलंय की लिहिल्याशिवाय मले जेवण जाणार नाही.

मी तेलीबांध्याच्या एका दाखले देणाऱ्या ऑफिसात आहे. कोणती कॉम्प्युटर सिस्टीम कोणत्या सिस्टीमला जोडली आहे, याचे नकाशे नीट लावून ठेवणं हे माझं काम. सगळे एकाच फोल्डरमध्ये, प्रत्येकावर तारीख, जुना झाला की वेगळा काढलेला.

दोन वर्षांपूर्वी मोठे साहेब पाहणीला येणार म्हणून त्यातला एक नकाशा फ्लेक्सवर छापून भिंतीला लावला. साहेब येऊन गेले, फ्लेक्स तिथंच राहिला.

आज सकाळी आमच्या इंजिनिअरनं एक सर्व्हर बिनकामाचा समजून बंद केला. दाखल्यांचं काम ठप्प! पुरानी बस्तीतून आलेली एक बाई पोरीच्या ॲडमिशनसाठी तीन तास खिडकीशी उभी. ॲडमिशनचा आज शेवटचा दिवस होता.

"काहून बंद केला?" मी विचारलं.

"दीदी, नक्शे में तो उससे कुछ जुड़ा ही नहीं है." त्यानं मोबाइलवर फोटो दाखवला. फ्लेक्सचा!

"अन् फोल्डरमधला नवा नकाशा?"

"वो कौन खोलता है, दीदी?"

त्या बाईला काय सांगू, तुझा दाखला आमच्या भिंतीनं अडवला?

सर्व्हर चालू करून घेतला, दाखला तिच्या हातात दिला, मग मॅनेजरला म्हटलं, तो फ्लेक्स आधी काढा.

"हव, हव, बिल्कुल. नया छपवा देते हैं. इस बार थोड़ा बड़ा."

तुमच्या ऑफिसातही आहे का असा फ्लेक्स? मी तर कात्री पर्समध्ये टाकून ठेवली.