कोप्यांतले गुलाबी पडदे

कृष्णात वाइंगडे कोल्हापुरात श्रीपालअण्णांच्या मंडप-डेकोरेशनकडं तेवीस वर्षं कामाला आहे. लग्न उरकलं, वऱ्हाडाच्या गाड्या गेल्या, की त्याचं खरं काम सुरू होतं. खांब उतरवायचे, झालरी सोडवायच्या, डाग पडलेलं, फाटलेलं कापड बाजूला काढायचं. हे कापड पूर्वी कचऱ्यात जायचं. कृष्णात ते घरी न्यायला लागला. बायको क्रांती ते धुऊन, जोड देऊन ठेवायची. कुणाच्या गोठ्याला आडोसा, कुणाच्या भाजीच्या रोपांवर सावली. "मी कायबी वाया जाऊ देत न्हाय," असं तो जरा मिरवूनच सांगायचा.

दोन वर्षांपूर्वीच्या जानेवारीत थंडी वाईट पडली होती. बिद्रीच्या वाटेवर एका माळावर बीडकडची ऊसतोड टोळी उतरली होती. बांबू आणि पाचटाच्या वीस-बावीस कोप्या, आणि त्यांतून वारं आरपार जायचं. एका मोठ्या लग्नातले गुलाबी जाळीचे पडदे कृष्णातनं टेम्पोत भरले आणि कोपीकोपीला वाटले. बायकांनी ते आतून भिंतींना दुहेरी करून लावले. सोजरबाई नावाच्या म्हातारीनं त्याला चहा पाजला.

दुसऱ्या दिवशी दुपारी क्रांती परसात चुलवणावर पाणी तापवत होती. जवळच दोरीवर त्याच पडद्याचा उरलेला तुकडा वाळत होता. एक ठिणगी उडून त्यावर बसली. कापड सुती कापडासारखं जळत गेलं नाही. ते वितळलं, आणि पेटते थेंब टपाटपा खाली पडले. एक क्रांतीच्या मनगटाला चिकटला. कृष्णातनं धावत येऊन तिचा हात बादलीत बुडवला आणि तसाच थिजून उभा राहिला.

"अवं, हात माझा भाजलाय. तुमास्नी काय झालं?"

"कोप्यांत आत चुली हायत, क्रांती."

तिनं हात त्याच्याकडून सोडवून घेतला. "मग हितं काय करताय? जावा की."

टोळीच्या मुकादमाचा फोन बंद होता. कृष्णातनं मोटरसायकल काढली. टोळी दिवस मावळताना फडातून परतते आणि आल्या आल्या चुली पेटतात, हे त्याला ठाऊक होतं. रस्त्यात उसाच्या ट्रॉल्या एकामागं एक. पुढं जायला वाट मिळेना. एका वळणावर तो कसाबसा ट्रॉलीच्या चाकाजवळून निसटला. माळ दिसला तेव्हा कोप्यांवर धूर तरंगत होता. तो चुलीचा धूर की आणखी कशाचा, हे पोचेपर्यंत त्याला कळत नव्हतं.

चुलीचाच होता. पण सोजरबाईच्या कोपीत चुलीपासून हातभर अंतरावर पडदा हलत होता. त्यानं आत शिरून तो ओढला. म्हातारीनं दुसरं टोक घट्ट धरलं.

"काल दिलं अन् आज काढून नेता? आमी काय भीक मागितली होती का?"

"मावशी, हे पेटतंय. माझी चूक झाली."

"पेटतं तर आमचं पाचटबी पेटतंय की."

बायका जमल्या. गडी जमले. एकानं त्याची कॉलर धरली. कृष्णातनं पडद्याची चिंधी फाडली, मोकळ्या जागेत जाऊन काठीला गुंडाळली आणि काडी लावली. क्षणात ती भडकली. जळते थेंब मातीत पडले आणि पडल्यावरही जळत राहिले. कॉलर धरणाऱ्यानं हात खाली घेतला. मग सोजरबाई आत गेली आणि तिनं आपल्या हातानं चुलीवर तांब्याभर पाणी ओतलं.

चुली विझल्या, पडदे निघायला लागले. शेवटी सोजरबाईच्या कोपीतली झोळी राहिली. तीही त्याच पडद्याची होती, आणि आत तिचा दोन महिन्यांचा नातू झोपला होता.

"याला गार जमिनीवर ठेवू?" तिनं विचारलं.

कृष्णातनं अण्णांना फोन लावला. गोदामात माळ्यावर जुन्या जाड सुती कनाती पडल्या होत्या. आता त्या भाड्यानं कुणी मागत नव्हतं.

"आमच्या आज्जांनी घेतलेल्या हायत त्या," अण्णा म्हणाले. "टेम्पो पाठवतो. पर चुलीपास्नं चार हात लांब बांधा म्हणावं. सुती हाय म्हणून जळत न्हाय असं न्हाय."

दीड तासानं टेम्पो आला. तोवर सोजरबाई नातवाला पदरात घेऊन उघड्या कोपीत बसून होती. कनाती बांधून झाल्या, एक पट्टा फाडून नवी झोळी झाली, चुली बाहेर आडोशाला मांडल्या. भाकऱ्या उशिरा भाजल्या गेल्या. कृष्णातला कुणी जेव म्हटलं नाही. तोही थांबला नाही.

त्या हंगामात तो आणखी तीनदा माळावर गेला. मुकादम बोलायचा, सोजरबाई तोंड फिरवायची. पुढल्या वर्षी ती टोळी कर्नाटकात गेल्याचं कळलं.

आता कृष्णात कुठलंही कापड द्यायच्या आधी त्याचा धागा जाळून बघतो. जाळी तेवढी पन्हाळ्याकडच्या शेतकऱ्यांना जाते, रोपांवर घालायला. कुणी त्याच्या या कामाचं कौतुक करायला लागलं, की तो हातातली दोरी गुंडाळत म्हणतो, "न्हाय ओ, त्यात काय," आणि विषय बदलतो.