मिठाला ओला हात

आई उपवासाच्या भगरीत शेंदेलोण घालते. त्याचा गुलाबी खडा दादाने त्याच्या खाणीतून आणलेला. आज दमट हवेने त्या खड्याला पाणी सुटलेलं दिसलं आणि मला दादाची खाण आठवली. दादा दूर उत्तरेत, डोंगराखाली काम करतो. तिथलं छत मिठाच्याच खांबांवर उभं आहे.

मी फोन लावला. "दादा, खांबांनाही पाणी सुटतं का रे?"

"एका बाजूला झिरपतंय. खाण बंद होईल म्हणतात."

"मग ये ना घरी!"

"आणि तुमची फी कोण भरणार, कॉलेजवाल्या बाई?"

मी फोन ठेवला.

मिठाला ओला हात लावू नये, असं आई आम्हाला लहानपणापासून बजावते. डोंगरावरच्या पावसाला हे कोण सांगणार?

खडा उचलण्याआधी मी हात ओढणीला पुसले. कोरडेच होते, तरी पुन्हा पुसले.