अण्णाच्या बसमधला शॉवर

त्या दुपारी मी बसच्या टपावर बसून पत्र्याला भोक पाडत होतो आणि खालून अण्णा सारखा सांगत होता, जपून, पाय सरकंल. सोलापुरातला उन्हाळा... गोणपाट ओलं करून त्यावर बसलो होतो, तरी चटके बसत होते.

सत्तरच्या दशकातली गोष्ट आहे ही. अण्णा म्हणजे माझा थोरला भाऊ, माझ्याहून बारा वर्षांनी मोठा. खासगी सर्व्हिस बसवर ड्रायव्हर होता, वैराग लाइनीला. एक दिवस क्लीनर आला नव्हता म्हणून कुणाचं तरी पोतं उतरवायला स्वतःच टपावर चढला आणि पाठीवर पडला. कमरेखालचं सगळं गेलं.

चाळीतली आमची खोली जिन्यावर. त्याला उचलून वर-खाली करणं जमेना. शेवटी अण्णाच्या बसमालकाने इंजिन काढलेली एक जुनी बस आमच्या वर्कशॉपमागच्या मोकळ्या जागेत आणून लावली. बस-बॉडी बांधणाऱ्या त्याच वर्कशॉपात मी फिटर होतो. सीटा काढल्या, खाट टाकली, स्टोव्ह मांडला... अण्णा-वहिनींचा संसार बसमध्ये सुरू झाला. मूलबाळ नव्हतं.

सगळ्यात अवघड काम म्हणजे आंघोळ. वहिनी कोपऱ्यावरच्या हौदावरून घागरी भरून आणायच्या, बसच्या उंच पायऱ्या चढायच्या. मग त्याला ओढत पाटावर घ्यायचं, एका हाताने सावरायचं आणि दुसऱ्या हाताने तांब्या तांब्या पाणी घालायचं. अपघातानंतर अण्णा अगदी गप्प झाला होता. कुणी भेटायला आलं की तोंडावर चादर ओढून घ्यायचा.

एक दिवस वहिनी पाण्याला गेलेल्या बघून त्याने मला जवळ बोलावलं. म्हणाला, "तुज्या वैनीचे हात बगितलास का? सालपटं निघाल्यात. माझी मला आंगोळ करता येईल आसं कायतरी कर की."

मी लगेच कामाला लागलो. ऑइलचा एक जुना ड्रम सोड्याने पाच-सहा वेळा धुतला, तरी वास जाईना... आणखी धुतला. तो टपावर बसवला. पाइप आत घेतला, भोकाभोवती रबर आणि डांबर भरलं. पाइपच्या तोंडाला बागेच्या झारीची जाळी लावली. बसायला बसचीच एक सीट, नुसत्या पट्ट्यांची, खाटेला लागून, म्हणजे त्याला हातांवर सरकत जाता येईल. धरायला बसचाच दांडा. नळाची मूठ बसल्या जागी हाताला येईल अशी खाली आणली. पाठीसाठी लांब दांड्याचा ब्रशही करून दिला.

खाली उताराचा पत्रा ठोकून पाणी बाहेर काढलं. त्या उन्हाळ्यात पाणी तापवायचीही गरज नव्हती. रोज कामावर जायच्या आधी ड्रम मी भरायचा, असं ठरलं.

पहिल्या दिवशी अण्णा पडदा ओढून अर्धा तास आत होता. मी आणि वहिनी बाहेर उभे. पाण्याचा आवाज येत होता. मला इतका अभिमान वाटला की वर्कशॉपातल्या चौघांना नेऊन दाखवलं.

दोन महिने गेले असतील. एका सकाळी मी ड्रम भरून उतरलो, तर वहिनी बसच्या पायरीवर तांदूळ निवडत बसल्या होत्या. मान खालीच. म्हणाल्या, "भावजी, राग मानू नका. ते शॉवर काडून टाकता का?"

मला वाटलं, कुठे गळत असेल. तसं विचारलं, तर मानेनेच नाही म्हणाल्या. मग तांदूळ चाळता चाळता म्हणाल्या,

"आंगोळीच्या वक्ताला पाठ माज्याकडं आसायची त्यांची. तोंड दिसायचं न्हाय. तवाच काय ते बोलायचे. आता दिवसभर बोलत न्हाईत."

त्यांचे हात मात्र बरे झाले होते... ते तेव्हा दिसले.

दुसऱ्या दिवशी मी हे अण्णाला सांगितलं. सांगावं की नाही, रात्रभर ठरत नव्हतं. तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, "तिच्यासाठीच केलं की रं मी."

त्या रविवारी त्याने ब्रश माझ्या हातात दिला. म्हणाला, हे काय कामाचं न्हाय. आणि पडद्याआडून वहिनींना हाक मारली, पाठीला हात पुरत नाही म्हणून.

तेव्हापासून शॉवरखाली तो बसायचा आणि पाठ वहिनी चोळायच्या. मी टपावर पाणी ओतत असलो की खालून आवाज यायचे. वैरागच्या रस्त्यावर कुठल्या हॉटेलात चहा चांगला, कुठल्या वळणावर एकदा म्हैस आडवी आली... वहिनी हसायच्या. एकदा मात्र दोघं रडत होते. मी बादली तशीच ठेवली, हळूच खाली उतरलो आणि कामावर गेलो.

दसऱ्याच्या सुमाराला सतत पडून राहून अण्णाच्या कमरेखाली झालेल्या जखमा चिघळल्या. आठ दिवस दवाखान्यात काढले, पण ताप उतरलाच नाही. अण्णा गेला.

वहिनी नातेपुत्याला भावाकडे राहायला गेल्या. बस भंगारात गेली. त्याआधी ड्रम मीच उतरवला, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही.

त्या दोघांना मिळाले ते तीन-चार महिने. ते माझ्या शॉवरमुळे मिळाले नाहीत... वहिनींनी तोंड उघडलं म्हणून मिळाले. मी तर पाणी दिलं म्हणजे सगळं दिलं असं समजून बसलो होतो.

वहिनी आता खूप थकल्या आहेत. दर दिवाळीला मी जातो, फराळ होतो, इकडचं तिकडचं बोलतो आणि निघतो. ते महिने त्यांच्यामुळे मिळाले, हे मात्र इतक्या वर्षांत एकदाही त्यांना बोललेलो नाही. या वेळी बोलेन.