वाडा घेउनि लेक ही निघतसे

घर सोडायची वेळ आली तेव्हा माझं सगळं लक्ष एका शब्दावर होतं. नव्वदच्या दशकाअखेरचा उन्हाळा, तळेगाव ढमढेऱ्यातला मांडव. अंतरपाटाच्या अलीकडे मी हार धरून उभी, पाठीशी मामा, आणि माइक आत्याच्या हातात.

आमच्या घरातल्या सगळ्या मंगलाष्टका आत्याच रचायची. माझ्यासाठी रचलेली तिने आदल्या आठवड्यात म्हणून दाखवली होती:

दावे सोडुनि गाय ही निघतसे, जाते पराव्या घरी

ऐकून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी तेव्हा रांजणगावच्या एका कंपनीत क्वालिटीला होते. नवरा मस्कतला. तिथेही नोकरी करणार, असं मी बघण्याच्या कार्यक्रमातच सांगितलं होतं आणि सासरे नुसतं "बघू" म्हणाले होते. आता ते पहिल्या रांगेत बसणार. दावं, गाय, परावं घर. कडव्याचा सगळा सूरच हात जोडल्यासारखा झाला होता. भर मांडवात माझ्याच माणसांनी मला गाय म्हटल्यावर सासऱ्यांना बघायचं उरलंच काय असतं?

"आत्या, गाय काढ," मी म्हणाले.

"अगं, लाडाचा शब्द हाय त्यो. माझ्या लग्नात बी गायच व्हती."

"म्हणूनच काढ."

स्वतःच्या लग्नासाठी आत्याची शाळा सुटली होती; माझं बोलणं तिला लागलं. ती माझ्याशी बोलायचीच थांबली. माझे वडील, आबा, वैतागले, "एका शब्दानं काय आभाळ कोसळतंय व्हय?"

शब्द बदलला की नाही, मला कुणीच सांगितलं नाही. मांडवात आत्याने घसा खाकरला. हाराचा दोरा माझ्या बोटांत रुतत होता.

वाडा घेउनि लेक ही निघतसे, जाते नव्या डोंगरी

चाल तीच, गळा तोच. पण आता कुणी कुणाला देत नव्हतं, मी निघाले होते. आमच्यात वाडा म्हणजे दगडी घर नव्हे. आजोबा मेंढरं घेऊन हिंडायचे तेव्हा सगळा संसार घोड्यावर असायचा. तो जिथे उतरवला तिथे वाडा बसला. सासरेही आमच्यातलेच. ते मोठ्याने म्हणाले, "म्हंजी वाडा पोरीच्याच हाती दिला की!" मांडव हसला. एवढ्या लोकांत बोलून गेल्यावर पुढे माझ्या नोकरीबद्दल त्यांनी चकार शब्द काढला नाही. मी मात्र तिथेच रडले, तोंडावरच्या अक्षतांसकट.

मागे राहिलेल्यांनो, तुम्ही फोनवर विचारता, घरी कधी येणार? माझ्यासारखे निघालेले जे आहेत, त्यांना ठाऊक आहे की आधी घर कोणतं ते विचारावं लागतं. इथे मस्कतला फ्लॅट आहे, एसी आहे, आणि मुदत लिहिलेला व्हिसा आहे. आत्या तसं विचारत नाही. ती विचारते, "वाडा कुठं बसलाय गं आता?"

यंदा आम्हा नवराबायको दोघांचीही कॉन्ट्रॅक्टं संपताहेत. दोहा की परत पुणे, काहीच ठरत नाही. परवा फोनवर माझ्या तोंडून निघून गेलं, "आत्या, वाडा अजून घोड्यावरच हाय गं."



"मग दोर घट्ट आवळ," आत्या म्हणाली. "आन् पुढं तूच चाल."