रंभाबाईचा हिरवा खडा आणि हलगीचा जाळ

पडदा वर जातो. खरं तर आमच्या तमाशाच्या फडाला पडदा असा कधी नव्हताच. दोन बांबूंना बांधलेलं जुनं लुगडं होतं, ते बाजूला सारलं की खेळ सुरू. पण आज मी तुमच्यासाठी मखमली पडदा मागवला आहे. तो वर जातो आणि दिसतं दौंडमधलं एक अंगण, रेल्वे कॉलनीच्या मागच्या आळीतलं. डावीकडे शेणी रचलेल्या, उजवीकडे पेरूचं झाड, झाडाखाली बाज. मागे मालगाडीचं शंटिंग चाललं आहे. डबे एकमेकांवर आदळू लागले की अंगणातली माणसं बोलायची थांबतात आणि आवाज विरला की थांबलेलं वाक्य तिथूनच उचलतात. साल दोन हजार एक. थंडी नुकती सरली आहे आणि हवा कोरडी आहे.

बाजेवर रंभा बसली आहे. साठी उलटली, पण पाठ अजून ताठ. फडात असताना ती गवळणीला उभी राहिली की मागच्या रांगेत आडवा झालेला माणूसही उठून बसायचा. मी जालिंदर, त्याच फडातला सोंगाड्या. फडातली माणसं आता थोडी उरली, म्हणून तिचं सांगायचं काम माझ्याकडे आलं.

तिच्यासमोर खुर्चीत हौसराव आप्पा बसले होते. भांडगावचे बागायतदार, डोक्याला स्वच्छ फेटा. त्यांचा नातू भारत कुरकुंभच्या कारखान्यात शिफ्टला जातो आणि त्याचं लग्न रंभाच्या नातीशी, अक्षदाशी ठरलं होतं. अक्षदाची आई लवकर गेली, पोरगी आजीच्याच हाताखाली वाढली. साखरपुडा झाला होता, हॉल धरला होता, आणि आता आप्पा एक अट घेऊन आले होते.

"बाकी समदं तुमच्या मनासारखं करा," आप्पा म्हणाले. "फकस्त तो हिरवा पाचू पोरीच्या गळ्यात नको."

"का बरं?"

"तुमाला ठाऊक हाय."

"मला ठाऊक हाय ते मी कवाच सांगितलंय. तुमाला काय ठाऊक हाय ते बोला."

"माझ्या तोंडून कशाला वदवता, रंभाबाई. समद्या तालुक्याला ठाऊक हाय."

"तालुका न्हाई आला माझ्या अंगणात. तुम्ही आलाय."

मागे डबे आदळले. आप्पांना ते बरंच वाटलं असावं. आवाज थांबला तरी ते पेरूच्या झाडाकडे बघत राहिले.

तालुक्याला काय ठाऊक होतं ते मी सांगतो. पस्तीसेक वर्षांपूर्वी आमचा फड दौंडात रेल्वेच्या मैदानावर उतरला होता. रुळांवर काम करणारी बिहारी मजुरांची एक टोळी तिथंच राहुट्या टाकून होती. गवळण रंगात आली असताना त्यांच्यातला रामदहिन नावाचा माणूस तापानं फणफणलेली मुलगी खांद्यावर घेऊन, गर्दी चिरत वाट काढत होता. लोक त्याला शिव्या देत होते. रंभानं ढोलकी थांबवली. थेट स्टेजवरून आमच्या ड्रायव्हरला हाक मारली आणि फडाचा ट्रक त्या मुलीला घेऊन दवाखान्यात गेला. लोकांनी दंगा केला, फडमालक लाल झाला. ती म्हणाली, ट्रक परत येईस्तोवर मी गाणार न्हाई. आणि गायली नाही.

मुलगी वाचली. फड हलायच्या दिवशी रामदहिन आला आणि रंभाच्या हातात बोटाएवढा लांब हिरवा खडा ठेवून गेला. त्याच्या गावाकडे, हजारीबागच्या अंगाला, अभ्रकाच्या खाणी होत्या. लहानपणी तो तिथंच अभ्रक सोलायचा आणि तिथंच त्याला हा सापडला होता. मी त्या वेळी ट्रकवर पेट्या चढवत होतो, देताना पाहिलं नाही. पण खड्याला पितळेची तार मीच गुंडाळून दिली.

पुढचा मुक्काम शिरूर. तिथं पहिल्याच खेळाला रंभा तो खडा गळ्यात घालून उभी राहिली आणि पहिल्या रांगेत खुर्ची टाकून बसला होता त्या भागातला एक बडा बागायतदार. झालं. एवढा मोठा पाचू, समोर एवढा मोठा माणूस. त्यानंच दिला असणार, असं लोकांनी परस्पर जोडून टाकलं. रंभानं खरं सांगितलं तर हसले. आम्ही सांगितलं तर म्हणाले, फडातला माणूस फडातल्या बाईचीच ओढणार.

ती मात्र पुढं प्रत्येक खेळाला तोच खडा घालत राहिली. एकदा मी म्हणालो, काढून ठेव ना, कशाला तोंडाला तोंड. म्हणाली, काढला तर त्यांचं खरं ठरंल.

आता पुन्हा अंगणात. अक्षदा चहा घेऊन बाहेर आली. सगळं ऐकलं होतं तिनं. "आजी, राहू दे. नाही घालत मी."

"तुला आवडत न्हाई का?"

"आवडतो."

"मग? तुला आवडत नसता तर पेटीत ठेवला असता. दुसऱ्याला खुपतो म्हणून पेटीत ठेवायचा न्हाई." मग तिनं कप आप्पांपुढे सरकवला. "आप्पा, चहा घ्या. अक्षदा, जा, करुणाला बोलव. हे पाचू पाचू करत्यात. आन् मलाबी एवढ्या वर्षांत त्याचं नाव कुणी सांगितलं न्हाई. एकदा कळू तरी दे."

करुणा चार घरं सोडून राहायची. बाप रेल्वेत गँगमन होता. ती रोज गाडीनं पुण्याला जाऊन भूशास्त्र शिकली आणि आता तिथल्याच कॉलेजात शिकवत होती. तो रविवार होता, विहारात पोरांना गणित शिकवून ती नुकतीच घरी आलेली. पदर खोचत आली, आप्पांना नमस्कार केला, खडा हातात घेतला आणि तिचा चेहराच बदलला. थिएटरात मी असे चेहरे पाहिलेत, नुकताच सूर लागलेल्या माणसाचे.

"आत्या, हा तुम्ही मला आजवर का नाही दाखवला?"

"तू विचारलं न्हाईस. आप्पांनी विचारलं."

करुणानं खडा उन्हात आडवा धरला. बाटलीच्या काचेसारखा हिरवा. मग उभा करून टोकाकडून बघायला लावला. जवळपास काळा. "पाचू असा टोकाकडून काळा पडत नाही," ती म्हणाली. "आणि हे बघा, अंगावर लांबीच्या दिशेनं रेघा आहेत. पाचूचा न घासलेला खडा सहा सपाट बाजूंचा असतो. याच्या बाजू तीन, आणि त्याही फुगीर. गोलसर त्रिकोण. हा टूर्मलीन आहे. बाजारात तुरमली म्हणतात. अभ्रकाच्या खाणीत सापडतो."

आप्पांनी चष्मा लावून बघितलं. "हिरवा तर हिरवाच हाय की. रंगावरनंच वळखायचं असतंय."

"रंगावरून नाही ओळखत, आप्पा. टूर्मलीन काळा असतो, तपकिरी असतो, गुलाबी असतो. एकाच खड्याचं एक टोक गुलाबी आणि दुसरं हिरवंसुद्धा असतं. तरी घराणं एकच."

"मग घराणं कशावरनं म्हनायचं?" हे मी विचारलं. घराण्याचा विषय निघाला की मला गप्प बसवत नाही.

करुणानं जमिनीवर काडीनं काढून दाखवलं. सिलिकॉन आणि ऑक्सिजन मिळून एक चिमुकला सुळका होतो. असे सहा सुळके हात धरून एक कडं करतात. त्या कड्याजवळ बोरॉनचे सपाट त्रिकोण बसतात. अशी कडी एकावर एक रचत जाऊन खडा लांब वाढतो. एवढा आराखडा या घराण्यात कधी मोडत नाही. बाकी काही जागा मात्र अशा असतात की तिथं बसणारे बदलतात. लोखंड बसलं तर बहुतेक काळा खडा, त्याचं नाव शोर्ल. मॅग्नेशियम बसलं तर ड्राव्हाइट, तो पुष्कळदा तपकिरी. लिथियम आणि अॅल्युमिनियम बसलं तर एल्बाइट, त्यात मग हिरवे, गुलाबी, सगळे रंग.

"म्हंजी वगासारखं," रंभा म्हणाली. "राजा, परधान, शिपाई, मावशी. जागा ठरलेल्या. त्या जागी आज कोण हुबं ऱ्हातं त्यावरनं फड वळखायचा."

"अगदी तसंच, आत्या."

"मग माझा कोणता?"

"एल्बाइट असावा. पण कोणत्या जागी कोण बसलंय ते प्रयोगशाळेत तपासल्याशिवाय मी छातीठोक सांगणार नाही. टूर्मलीन आहे, एवढं मात्र सांगते."

आप्पांनी चहाचा कप खाली ठेवला. ते वाईट माणूस नव्हते. तरुणपणी शिरूरला त्याच खेळाला आले होते, दुसऱ्या रांगेत बसले होते. जे आयुष्यभर छातीवर हात ठेवून सांगितलं, ते पोरीच्या काडीनं जमिनीवर काढलेल्या चित्रासाठी कसं सोडायचं? म्हणाले, "बाई, तुम्ही शेजारच्या. शेजारणीची बाजू घेणार. म्या ऐकलं, पन मला काय दिसलं न्हाई."

तेव्हा करुणा म्हणाली, "दिसायचं असेल तर तेही दाखवते. पाचूच्या खड्यातली कडीही सहा-सहांचीच, पण ती फेर धरल्यासारखी, वरून-खालून सारखी. टूर्मलीनमध्ये सगळ्या सुळक्यांची टोकं एकाच बाजूला."

मी लगेच म्हणालो, "गवळणीसारखी. समद्या जणी प्रेक्षकांकडं तोंड करून."

"हो काका. म्हणून या खड्याला तोंड आहे आणि पाठ आहे. दोन्ही टोकं सारखी नाहीत. तापवला किंवा तापवून निवू दिला की एका टोकाला धन वीज येते, दुसऱ्याला ऋण. आणि मग हलकी धूळ, राख, काहीही ओढून घेतो. पाचू असं करत नाही."

राख म्हटल्याबरोबर मी रंभाकडे पाहिलं आणि तिनं माझ्याकडे. अंगणात क्षणभर आम्ही दोघंच होतो, आणि आमच्यामध्ये हलगीचा जाळ.

हलगी वाजवण्याआधी शेकावी लागते. गारठ्यानं चामडं सैल पडतं, मग कनातीमागं शेणी-पाचटाचा जाळ करून तिला धरायची, टणक आवाज येईस्तोवर. शिरूरच्या त्या मुक्कामात रंभानं गळ्यातला खडा सहज हलगीच्या कडेला अडकवला आणि हलगीबरोबर तोही शेकला गेला. काढला तर टोकांना बारीक राख चिकटलेली. पुसली, पुन्हा चिकटली. हलगीवाला म्हणाला, रंभाला लागलेली नजर खड्यानं ओढून घेतली. तिथून रीतच पडली. हलगीबरोबर खडा शेकायचा, राख चिकटली की नजर उतरली, मग खेळ सुरू. पावसाळी हवेत कधी चिकटली नाही, तर आम्ही खेळ उशिरा लावायचो, पब्लिक शिट्ट्या मारायचं.

म्हणजे जी परीक्षा करुणा आता सांगत होती, ती आम्ही गावोगाव, जत्रोजत्री घेत आलो होतो. तालुका पुढं बसून पाचू पाचू म्हणत होता आणि मागं खडा स्वतःचं नाव सांगत होता. मी हे अंगणात बोलून दाखवलं. करुणा इतकी हसली की तिला बाजेवर बसावं लागलं.

"मग करा की," आप्पा म्हणाले.

अक्षदानं शेणी पेटवली. करुणानं बजावलं, एकदम जाळात धरू नका, तडकेल. मी खडा तारेला लटकवून हळूहळू शेकला, हात जुना होता, विसरला नव्हता. मग बाजूला घेऊन निवू दिला आणि चुलीतली चाळलेली राख एका ताटलीत घेऊन त्याच्याजवळ नेली. राखेचे कण उठले. दोन्ही टोकांना जाऊन बसले. मधला भाग जवळजवळ कोरा.

आप्पा वाकून बघत राहिले. मालगाडी पुढं सरकली, मागं आली, तरी बघत होते. शेवटी सरळ झाले, फेटा नीट केला.

"न्हाई पाचू," ते म्हणाले. "खाणीतलाच हाय. रंभाबाई, तुमचं खरं हुतं. मग आता काय हरकत न्हाई. घालू द्या पोरीला."

मला वाटलं, संपला वग. आता रंभा डोळे पुसणार आणि मी टाळी मागणार. पण ती बाजेवरून उठली. गवळणीला उठायची तशी.

"तुम्ही हरकत काढून घेतली म्हणून न्हाई घालायची ती," रंभा म्हणाली. "ही राख मी तुमच्यासाठी न्हाई उडवली. मला खड्याचं नाव पायजे हुतं, ते मिळालं. आन् नीट ऐका. हा पाचू निघाला असता, आन् त्या बागायतदारानंच दिलेला असता, तरीबी माझ्या नातीनं हाच घातला असता. माझं आयुष्य मी कष्टानं काढलंय, खड्याच्या साक्षीनं न्हाई. आता लगीन करायचं का न्हाई, ते घरी जाऊन ठरवा."

आप्पांनी चहाचा गार झालेला घोट संपवला, चपला घातल्या. फाटकाशी थांबून म्हणाले, "तारीख तीच ऱ्हाईल."

तारीख तीच राहिली. अक्षदा मांडवात आली तेव्हा गळ्यात हिरवा खडा होता, पितळेच्या तारेला मी नवी झिलई दिली होती. बायकांत कुजबुज व्हायची ती झालीच. तिकडे आप्पांना कोण जोर चढला होता. या पाहुण्याकडं जा, त्या सोयऱ्याला धर, सगळ्यांना सांगत सुटले, पाचू न्हाई तो, तुरमली हाय, अभ्रकाच्या खाणीतला, म्या डोळ्यानं राख चिकटलेली बघितली, रंभाबाईचं समदं खरं हुतं. चार ठिकाणी सांगून घाम पुसत ते आमच्याकडं आले आणि पाचव्याला शोधू लागले. रंभानं त्यांचा हात धरून त्यांना आपल्या शेजारच्या खुर्चीत बसवलं.

"बसा आता, आप्पा. माझी बाजू मांडायला मी जिती हाय."